गुंजेचे प्रथिन आणि काकांची पुडी

वर्षावासात दर रविवारी विहारात ग्रंथवाचन आटोपले की आम्ही दोघी-तिघी जणी मागच्या खोलीत रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. मागच्या वर्षी अशाच एका रविवारी वस्तीतले एक काका आले. वय ६२, उमेदीची सगळी वर्षे सूतगिरणीत गेलेली. दंडाला पट्टा गुंडाळण्याआधी त्यांनी खिशातून वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत राखाडी पूड होती.

"सिस्टर, हे घेऊ का जी?"

पुडीसोबत नातवाने मोबाइलवर लावून दिलेला निरोपही होता. गुंजेतील प्रथिन कॅन्सरच्या पेशी फोडून मारते, बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आहे, औषध कंपन्या ही गोष्ट लपवून ठेवतात, वगैरे. खाली एका वैद्याचा पत्ता. एकवीस दिवसांच्या पुड्यांचे अठराशे रुपये. काकांनी ते भरले होते. आणि वैद्याने 'दोन औषधे एकत्र नको' म्हटल्यामुळे इस्पितळातली दोन इंजेक्शने चुकवली होती.

काकांना मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या मगजात रक्त तयार होते. तिथल्या, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी बेसुमार वाढल्या की हा कर्करोग होतो.

"फेकून द्या ते" असे म्हणणे सोपे होते. वॉर्डात नोकरीला असताना आम्ही ते शेकडो वेळा म्हटले आहे. पेशंट मान डोलावतो, घरी जातो आणि उशाखालची पुडी काढून घेतो. शिवाय त्या निरोपात एक अडचण होती, ती म्हणजे त्यातले अर्धे खरे होते. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा, असे सांगितले. ऐकीव गोष्ट न तपासता झिडकारणे हेही त्यात बसत नाही. म्हणून आम्ही काकांना तीन दिवस थांबायला सांगितले, पुडी आमच्याकडे ठेवून घेतली आणि वाचायला बसलो. जे समजले ते इथे मांडत आहोत, कारण असे निरोप एकट्या काकांच्याच मोबाइलवर येतात असे नाही.

गुंज आपल्याला नवी नाही. शेताच्या कुंपणावर चढणारा वेल, शेंगा तडकल्या की आत लालभडक बी आणि बियांच्या टोकाला काळा ठिपका. सराफाच्या तराजूत ती वजन म्हणून बसायची. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. पाला गोड असतो, तो विड्याच्या पानात घालतात. त्या पाल्यामुळेच अनेकांना वाटते की सगळा वेलच निरुपद्रवी आहे. बी तसे नाही. बियांमध्ये अॅब्रिन नावाचे प्रथिन असते आणि ते निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. एरंडीच्या बियांतले रिसिन हे त्याचे भावंड. १८८८ साली हर्मान स्टिलमार्क यांनी एरंडीतून रिसिन वेगळे काढले. १८९१ मध्ये पाउल एर्लिख यांनी याच दोन विषांचे अगदी थोडे थोडे डोस उंदरांना देऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार होते हे दाखवले. आज आपण बाळांना ज्या लसी देतो, त्यामागच्या शास्त्राच्या पायाभरणीत गुंजेचाही एक दगड आहे.

अॅब्रिनचे दोन भाग असतात आणि ते एका दुव्याने जोडलेले असतात. एक भाग दार उघडणारा. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यातली गॅलॅक्टोज नावाची साखर हा भाग ओळखतो आणि तिला चिकटतो. पेशी त्याला ओळखीचा पाहुणा समजून आत घेते. आत गेल्यावर दुसरा भाग सुटा होतो आणि खरे काम करतो. पेशीत रायबोसोम नावाचे लाखो सूक्ष्म कारखाने असतात, प्रथिने तिथे तयार होतात. या कारखान्याच्या आरएनएमधला नेमका एक घटक, एक अॅडेनिन, हा भाग छाटून टाकतो. जात्याचा खुंटा काढून घ्यावा तसे. पाळ शाबूत, पण दळण बंद. एक रेणू मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करू शकतो. प्रथिने बनणे थांबले की पेशी मरते.

पण ती मरते कशी, इथे खरी गोष्ट सुरू होते.

पेशीला मरण्याच्या अनेक रीती आहेत. त्यातली सर्वांत शिस्तीची म्हणजे एपॉप्टॉसिस. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये तिला हे नाव दिले. या रीतीत पेशी स्वतःच आवराआवर करते. आक्रसते, आतले सामान लहान लहान पुडक्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी ती पुडकी गिळून टाकतात. आसपास सूज नाही, गाजावाजा नाही. गर्भातल्या बाळाची बोटे सुटी होतात ती मधल्या पडद्याच्या पेशी अशा शांतपणे निघून जातात म्हणून. बरीचशी केमोथेरपी कर्करोगाच्या पेशीला याच वाटेवर ढकलते.

कर्करोगाची पेशी मात्र बेरकी असते. पी-५३ हे पहारेकरी जनुक ती बिघडवून ठेवते, बीसीएल-२ सारखी जीव वाचवणारी प्रथिने वाढवते, आणि एपॉप्टॉसिसची वाट बंद करून टाकते. सुरुवातीला चालणारे औषध पुढे चालेनासे होते, त्यामागे अनेकदा हे कारण असते. घरचे लोक आम्हाला विचारतात, "सिस्टर, पहिल्या फेरीत गाठ केवढी कमी झाली होती, आता का नाही होत?" त्याचे एक उत्तर हे आहे. म्हणून जगभरचे संशोधक दुसरी वाट शोधतात. एपॉप्टॉसिसचे दार बंद असेल तर पेशीला मारायला आणखी कोणते दार आहे?

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंजली कारंडे यांच्या प्रयोगशाळेने अॅब्रिनवर अनेक वर्षे काम केले. त्यांनी आधी ते जुरकॅट नावाच्या पेशींवर वापरले होते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून या पेशींचा वंश प्रयोगशाळांत सुरू झाला. त्या पेशी एपॉप्टॉसिसनेच मेल्या, म्हणजे नेहमीच्या रीतीने. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी यू-२६६ या पेशी घेतल्या. या मायलोमाच्या पेशी, म्हणजे काकांच्याच रोगाच्या. इथे तेच विष वेगळे वागले. या पेशी शिस्तीने आवराआवर करून मेल्या नाहीत, तर त्यांचे आवरण फाटून मेल्या. एपॉप्टॉसिसमध्ये कात्रीचे काम करणाऱ्या कॅस्पेज नावाच्या विकरांवर हा मृत्यू अवलंबून नव्हता. पेशीत लायसोसोम नावाच्या पाचक रसांच्या पिशव्या असतात. त्या पिशव्या गळू लागल्या आणि त्यातल्या विकरांनी पेशीला आतून पोखरले. या मृत्यूला नेक्रोसिस म्हणतात. पूर्वी नेक्रोसिस म्हणजे निव्वळ अपघात, भाजल्यावर किंवा चिरडल्यावर होतो तो, असे समजत. आता कळते की त्यालाही पायऱ्या असतात, पेशीच्या आतलीच यंत्रणा तो घडवून आणते.

याच गुंजेत अॅब्रिनचे एक सौम्य भावंड आहे, अॅग्लुटिनिन. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम तपासला. तिथे तिसरीच रीत दिसली. उपासमार झाली की पेशी स्वतःचेच भाग खाऊन तग धरते. याला स्वभक्षण म्हणतात, आणि त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. तगून राहण्यासाठीची ही सोय या प्रथिनामुळे हाताबाहेर गेली आणि पेशीच संपली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या पेशी जगभर प्रयोगांत सर्वाधिक वापरल्या गेल्या, त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या इस्पितळात तिला न विचारता त्या काढून घेतल्या. तिच्या पेशींवर मोठमोठे शोध लागले आणि तिचे कुटुंब वर्षानुवर्षे त्याबाबत अंधारात राहिले. विज्ञानाचे ऋण मानताना आपल्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

तर काकांच्या निरोपातले खरे अर्धे ते एवढे. आता उरलेले अर्धे.

हे सगळे बशीत घडले. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत, फक्त कर्करोगाच्या पेशी, त्यावर मोजून टाकलेले शुद्ध प्रथिन. काकांच्या शरीरात नुसत्या मायलोमाच्या पेशी नाहीत. यकृत आहे, मूत्रपिंडे आहेत, आतड्याचे नाजूक अस्तर आहे, आणि त्या सगळ्या पेशींच्या अंगावर तीच गॅलॅक्टोज साखर आहे. अॅब्रिनला कर्करोगाची पेशी आणि काकांचे यकृत यांतला फरक कळत नाही. जे दार दिसेल ते ते उघडते.

दुसरी गोष्ट पोटाची. प्रथिन तोंडावाटे घेतले की जठरात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात, डाळीच्या प्रथिनाचे होतात तसेच. गुंजेचे विष तोंडातून गेले तर टोचल्यापेक्षा बरेच कमी भिनते ते यामुळेच. जे थोडे पचनातून वाचते ते पहिल्यांदा आतड्यावरच हल्ला करते. हाडांच्या मगजापर्यंत मोजून-मापून पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही.

वैद्यबुवा म्हणाले होते, "आमची गुंज शोधित आहे, तिचे विष काढलेले आहे." आयुर्वेदात गुंज उपविषांत मोडते आणि तिचे शोधन करतात, म्हणजे दुधात किंवा कांजीत ती बराच वेळ उकळतात. चांगली गोष्ट आहे, उकळल्याने विष खरेच मोडते. पण मोडते कारण ते प्रथिन आहे. अंडे उकडले की त्यातला पातळ बलक घट्ट होतो, पुन्हा पातळ होत नाही, तसेच अॅब्रिनचेही होते. म्हणजे बेंगळुरूच्या बशीत ज्या प्रथिनाने पेशी मारल्या, तेच प्रथिन त्या भांड्यात नष्ट झाले. कच्ची गुंज घ्याल तर जिवाला धोका, आणि नीट उकळलेली घ्याल तर ज्याच्यासाठी घेतली तेच त्यात उरलेले नाही. काकांना आम्ही हे अंड्याचे उदाहरण देऊनच सांगितले. काकू चटकन म्हणाल्या, "मंग अठराशे रुपये कायचे घेतले त्यानं?"

टोचल्यावर गुंज किती जहाल होते याचा एक जुना दाखला आहे आणि तो आपल्या लोकांशी जोडलेला आहे. गुंजेच्या पुडीचा लगदा करून त्याच्या टोकदार सुया वाळवायच्या आणि गुराच्या कातडीखाली खुपसायच्या. काही दिवसांत जनावर मरे. साप चावला असे वाटे. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी कातड्याच्या लोभाने हे करतात म्हणून चर्मकार समाजालाच संशयित ठरवले. काही जणांनी गुन्हा केला असेलही. पण सरकारी कागदांत एक अख्खी जात विष घालणारी म्हणून नोंदली गेली. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती ज्यांच्यावर, ढोर मेल्याचा आळही त्यांच्यावरच. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ही 'सुई' आजही शिकवली जाते, तिच्याबरोबर आलेला अन्याय मात्र कुणी शिकवत नाही.

मग या प्रथिनांचे औषध कधी होणारच नाही का? प्रयत्न झाले आहेत. दार उघडणारा भाग काढून टाकायचा आणि मारणारा भाग अशा प्रतिपिंडाला जोडायचा की जे फक्त कर्करोगाच्या पेशीलाच ओळखेल, अशी कल्पना होती. रिसिनवर असे काम गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत रुग्णांपर्यंत गेले. काहींच्या गाठी कमी झाल्या. पण केशवाहिन्या गळू लागल्या, अंगावर सूज आली, काहींच्या फुप्फुसांत पाणी झाले, शिवाय शरीराने त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. आज गुंजेच्या किंवा एरंडीच्या विषारी प्रथिनापासून बनवलेले कर्करोगाचे एकही औषध इस्पितळात मिळत नाही. नेक्रोसिसचीही दुसरी बाजू आहे. पेशी फुटली की आतला माल बाहेर सांडतो. त्याने शरीराची संरक्षक फौज जागी होऊ शकते, ते हवेच आहे, पण सूज आणि दाहही होतो. संशोधक या दोन्हींचा हिशेब लावत आहेत. कुणी काही लपवलेले नाही, सगळे छापून आलेले आहे. औषध कंपन्यांवर आमचाही फार लोभ नाही, किमतींवरून आम्ही त्यांच्याशी भांडत आलो आहोत. पण या प्रकरणात त्यांचा दोष नाही.

वनस्पतीचे औषध होते ते कसे, हे सदाफुलीकडे पाहून समजते. अंगणातल्या त्या फुलझाडातले व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध आहे आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही दिले जाते. ते प्रथिन नाही, खूप लहान रेणू आहे. आम्ही वॉर्डात ते हाताळले आहे. शिरेतूनच द्यायचे. चुकून मणक्यात गेले तर रुग्ण दगावतो, म्हणून सुई हातात घेण्यापूर्वी दोघींनी लेबल वाचायचे असा आमच्याकडे दंडक होता. अंगणातली सदाफुली चावून कुणाचा ल्युकेमिया बरा झालेला नाही. जीवकाची कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. तक्षशिलेत गुरूने त्याला औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि त्याला एकही सापडली नाही. त्या कथेत आधीची सात वर्षे असतात, शिकण्याची. ती आपण सांगताना गाळतो.

आता घरात उपयोगी पडेल असे थोडे. गुंजेची अख्खी बी कडक असते, न चावता गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेली, कुटलेली किंवा भोक पाडलेली बी धोक्याची. मण्यांच्या माळेत, बाळाच्या मनगटातल्या दृष्टीच्या दोऱ्यात ओवायला भोकच पाडतात. इंग्लंडमध्ये ईडन प्रोजेक्ट या ठिकाणी विकलेली गुंजेची कंकणे २०११ मध्ये परत मागवावी लागली होती. आपल्याकडे परत कोण मागवणार, आपणच काढून टाकायची. दृष्ट लागत नाही हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको, तरी दोरा दिसतो. गुंज खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी उलट्या, पोटात कळा, रक्ताचे जुलाब सुरू होतात, अंगातले पाणी जाते. उतारा नाही, फक्त सलाइन आणि सांभाळ. त्यामुळे लक्षणांची वाट पाहू नका. मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेले बी सोबत घेऊन जा, डॉक्टरांना ओळखायला बरे पडते.

आणि मायलोमाबद्दल. काकांची पाठ आठ महिने दुखत होती. गिरणीत काम केलेल्या माणसाची पाठ दुखणारच, असे सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो, हे कबूल करायला हवे. त्यांना बाम दिला, लोहाच्या गोळ्या दिल्या. पन्नाशी-साठीच्या पुढे पाठ किंवा बरगड्या आठवडेच्या आठवडे दुखत असतील, रात्रीही थांबत नसेल, सोबत रक्त कमी असेल आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नसेल, वरचेवर न्यूमोनिया होत असेल, किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर साधे रक्त, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासून घ्या. रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी डॉक्टरांना विचारा, हे नाव कागदावर लिहूनच न्या. उपचार लांबचे आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटा. कागद अपुरे पडले तर विहारात आमच्याकडे या, त्यासाठीच बसतो.

पुडीत खरोखर गुंज होती की आणखी काही, ते आम्हाला कळले नाही. तपासून देणारे जवळपास कुणी सापडले नाही. राखाडी पुडीला चेहरा नसतो. काका चौथ्या दिवशी इस्पितळात गेले. चुकवलेल्या दोन इंजेक्शनांवरून डॉक्टर रागावले आणि फेऱ्यांचे वेळापत्रक पुन्हा आखावे लागले. वैद्याने पैसे परत केले नाहीत. काकू दोनदा जाऊन आल्या.

परवाच्या रविवारी काका वंदनेला आले होते. खाली बसवत नाही म्हणून त्यांच्यासाठी मागे खुर्ची ठेवलेली असते. वंदना झाल्यावर खोलीत येऊन त्यांनी हिमोग्लोबिनचा कागद दाखवला, १०.२ झाले आहे. मग हळूच म्हणाले, "ते बेंगलोरवाले अजून काम करते का जी त्याच्यावर?" आम्ही म्हणालो, करणारे बरेच जण आहेत, तिथेही आणि इतरही ठिकाणी. ते बरे म्हणाले आणि पाय पुढे केले. तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल पायात आहे की निसटली ते कळत नाही. त्यांना चालू असलेल्या इंजेक्शनाने हे होऊ शकते आणि त्यावर डोस बदलता येतो. पुढच्या फेरीला डॉक्टरांना दाखवायला आम्ही तेवढे त्यांच्या कार्डाच्या मागे लिहून दिले.